व्हॅनचं ऑइल आणि रविवारची प्रार्थना

मांगेरे, ऑकलंड
१८ फेब्रुवारी २०१३

प्रिय ताई,

शेजारचा फेरेती गावी निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि पोरांसाठी बिस्किटं पाठवतोय. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तू आधी माझी तब्येत विचारतेस, मग माझ्या मुलांची, आणि मुद्द्यावर यायच्या आत लाइन जाते.

सरपंच पेनितोआंचा फोन आला होता. ते म्हणाले, तुमच्या महिला मंडळाच्या बायका व्हॅनचं ऑइल दर महिन्याला बदलतात. खरं आहे का हे? ताई, मी गेली कित्येक वर्षं या शहरात बस चालवतोय. गाडी पाठवली तेव्हा तिचं पुस्तक माझ्याकडेच राहिलं. त्यात स्वच्छ छापलंय, दहा हजार किलोमीटरला ऑइल बदला. तुमची व्हॅन गावातून दुकानापर्यंत आणि दुकानातून गावात. दहा हजार व्हायला तिला दोन वर्षं लागतील. तुम्ही चांगलं ऑइल मातीत घालताय.

पंचांचं म्हणणं आहे की किल्ली त्यांच्याकडे असावी, ते पुस्तकाप्रमाणे गाडी सांभाळतील. मला त्यात काही वावगं दिसत नाही. गाडी गावातच राहणार आहे. राग मानू नकोस.

सूनबाई लोसाला कितवा महिना लागला? तिला जपा.

तुझा भाऊ,
आउकुसो


वाइतोलो, सवाई बेट, सामोआ
९ मार्च २०१३

आउकुसो,

बिस्किटं पोचली. पोरांना दिली, एक पुडा मी लपवून ठेवलाय. राग मानू नकोस म्हणतोस आणि राग येईल असंच लिहितोस. तू लहानपणापासून असाच आहेस.

मीही मुद्दाम पत्रच लिहितेय. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी मऊ पडते, आणि या बाबतीत मला मऊ पडायचं नाहीये.

दर महिन्याला ऑइल बदलतो, हो. का ते ऐक. आमच्या मंडळाची तपासणी तुला ठाऊक आहे, आईच्या हाताला धरून तूही हिंडायचास. महिन्यातून एकदा प्रत्येक घराने चादरी, मच्छरदाण्या, उशा, भांडीकुंडी सगळं बाहेर मांडायचं, आणि आम्ही बायका दारोदार जाऊन बघायचं. ज्याच्या घरात काळं पातेलं किंवा डागाळलेली चादर निघेल त्याचं नाव मंडळात वाचून दाखवायचं. तू व्हॅन पाठवलीस तेव्हा आम्ही ठरवलं, गाडी मंडळाची, तेव्हा तिचीही तपासणी झाली पाहिजे. म्हणून तपासणीच्या दिवशी आम्ही तिलाही धुऊन रस्त्याच्या कडेला उभी करतो आणि ऑइल मोजायची पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर पुसतो. फडकं काळं झालं की ऑइल बदलायचं. आणि दर महिन्याला ते काळंकुट्ट निघतं. मंडळाची गाडी घाण ठेवून मी कुठल्या तोंडाने दुसऱ्यांची पातेली बघायला जाऊ?

आणि आम्ही मातीत काही घालत नाही. जुनं ऑइल कुंपणाच्या खांबांना लावतो, वाळवी लागत नाही. नवं ऑइल आणायला तुझ्याकडे हात पसरलेला नाही. केवड्याच्या पातीच्या चटया विणून सालेलोलोगाच्या बाजारात विकतो, त्यातून आणतो.

आता पेनितोआंचं. त्यांना ऑइलची एवढी काळजी कधीपासून लागली? मागच्या महिन्यात पलीकडच्या गावात मानकरी मताईंची मयत झाली, तेव्हा पेनितोआंचा पिकअप बंद पडलेला, म्हणून पंचांना बसने जावं लागलं आणि कोंबड्यांच्या पिंजऱ्याशेजारी बसावं लागलं. तेव्हापासून. गाडी त्यांच्या हातात गेली तर कुठे असेल ते मला आत्ताच सांगता येतं. आज बोटीच्या धक्क्यावर, उद्या कुणाच्या मयतीला, परवा पाद्रीबाबांच्या पाहुण्यांना आणायला.

लोसाचं पहिलं बाळ कसं गेलं ते तू विसरलास की काय? रविवार होता. रविवारी बस नाही. प्रार्थना संपेपर्यंत थांबले, तर पेनितोआंचा पिकअप धक्क्यावर निघून गेलेला. काळ्या लाव्ह्याच्या त्या उघड्या रस्त्यावर मी तिला घेऊन चालत होते, आणि तिथेच सगळं संपलं. त्यानंतर तू गाडी पाठवलीस. साऱ्या गावासमोर, पत्र वाचून, माझ्या हातात किल्ली ठेवायला लावलीस. माझा मुलगा तुमच्याकडे सफरचंदं तोडायला गेलाय, जूनशिवाय परतत नाही. लोसाला सहावा सरत आला. किल्ली माझ्या कमरेला आहे आणि तिथेच राहील.

तुझी ताई,
मातालेना


मांगेरे
२५ मार्च २०१३

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून बायको पोट धरून हसली. मीही हसलो, खरं सांगतो. ऑइलची तपासणी चादरीसारखी करणाऱ्या बायका जगात दुसरीकडे कुठे सापडायच्या नाहीत.

अगं, ती डिझेलची गाडी आहे. डिझेलच्या गाडीत ऑइल घातलं की दोन दिवसांत काळं होतं. काळं म्हणजे घाण नव्हे. आतली काजळी ते आपल्या अंगावर घेतं, ते त्याचं कामच आहे. तुम्ही इतके महिने गुण होता त्याला दोष समजून फेकत आलात. आता सांग, पंच म्हणतात त्यात काय चूक?

लोसाचं मी काहीच विसरलेलो नाही. म्हणूनच गाडी नीट राहावी असं वाटतं. मी पेनितोआंना लिहिलंय की गाडी पंचांनी सांभाळावी, आणि दवाखान्याचं काम निघालं तर ती आधी मंडळाला द्यावी. त्यांनी शब्द दिलाय. पुस्तकातलं ऑइलचं पान फोटोकॉपी करून त्यांना पाठवलंय.

बहिणीचा शब्द मोडू नये ही आपली रीत मला माहीत आहे. पण ताई, हा शब्द मोडण्याचा प्रश्न नाही, हा इंजिनचा प्रश्न आहे.

आउकुसो


वाइतोलो
२० एप्रिल २०१३

आउकुसो,

काळं म्हणजे घाण नव्हे, हे तुझं वाक्य मी मंडळात वाचून दाखवलं. शेजारच्या सीनाने विचारलं, मग माझ्या पातेल्याला तुम्ही नावं का ठेवलीत? त्यानंतर कुणालाच हसू आवरेना. तर हे मान्य. काळ्या रंगावरून ऑइल फेकणार नाही. आमची चूक आम्ही मान्य केली. तू तुझी कधी करतोस ते बघते.

तुझं पत्र आणि फोटोकॉपी घेऊन पेनितोआ आणि दोन पंच आले. स्वच्छ शर्ट घालून, जणू मुलगी बघायला आलेत. कोको प्यायले. मग पेनितोआंनी ते पान माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "मातालेनाबाई, हे तुमच्या भावाचंच म्हणणं आहे. किल्ली द्या."

मी म्हटलं, "उद्या तपासणी आहे. तपासणी झाली की देते."

आणि दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या बायकांसमोर त्यांच्या हातात किल्ली ठेवली. फक्त त्याआधी आम्ही खालचा बोल्ट काढून सगळं ऑइल डब्यात उतरवलं होतं. महिन्याचं ऑइल बदलायचं होतंच. अर्धं काम केलं. जुनं काढलं, नवं घातलं नाही.

मी त्यांना लपवलं काहीच नाही. सांगितलं, "किल्ली तुमची, ऑइल आमचं. चटया विकून आणलेलं आहे. गाडीत आता थेंब नाही, चालू केलीत तर इंजिन जागच्या जागी अडकून बसेल. तुम्ही आणा आणि घाला." काचेवर चुन्याने मोठ्या अक्षरांत लिहूनही ठेवलं, ऑइल नाही. कुणी येऊन चालू करू नये म्हणून.

आता मजा ऐक. ते ऑइल आणत नाहीत. एक पंच म्हणतो, पुस्तकात दहा हजार लिहिलंय, ते अजून झाले नाहीत, मग आत्ताच ऑइल घालायचं म्हणजे बायकांचं खरं केल्यासारखं होईल. दुसरा म्हणतो, खर्च सरपंचांनी करावा. पेनितोआ म्हणतात, ज्यांनी काढलं त्यांनी घालावं. अशी गाडी सभेच्या घरासमोर उभी आहे आणि रोज तिच्याभोवती चर्चा चालते.

तू आता डोक्याला हात लावशील. पण नीट विचार कर. ऑइल नसलेली गाडी धक्क्यावर जात नाही, मयतीला जात नाही. ती गावातच उभी राहते. आणि नव्या ऑइलचे डबे माझ्या घरात लोसाच्या खाटेखाली आहेत. तिला कळा सुरू झाल्या की मी डबे उचलणार. ओतायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आम्हाला सवय आहे.

तुझी ताई


मांगेरे
२ मे २०१३

ताई,

तुला झालंय तरी काय? इंजिन कोरडं करून गाडी रस्त्यावर उभी ठेवतेस? एखाद्या पोराने गंमत म्हणून किल्ली फिरवली तर? मी रोज फोन करतोय, तू उचलत नाहीस. पेनितोआंचे मात्र दोन फोन आले. ते म्हणतात, तुझ्या बहिणीने पंचांची अब्रू रस्त्यावर मांडलीय, तिला आवर. मी काय आवरणार तुला? मी त्यांना म्हटलं, मी भाऊ आहे तिचा, बाप नाही.

हे सगळं लिहून मन हलकं झालं. आता दुसरं लिहितो.

पेनितोआंना अजून एक पान पाठवावं म्हणून पुस्तक परत उघडलं. ऑइलच्या पानामागचं पान मी कधी वाचलंच नव्हतं. त्यात लिहिलंय, गाडी थोड्या थोड्या अंतरासाठी चालत असेल, इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होत असेल, उभ्या उभ्या चालू ठेवली जात असेल, धुळीच्या रस्त्यावर फिरत असेल, तर दहा हजार धरू नका. पाच हजार किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. म्हणजे तुमचीच गाडी, ताई. माझ्या बसला ते दहा हजार लागू पडतं, ती दिवसभर पळते. तुमच्या व्हॅनला नाही. तुमचं महिन्याला बदलणं जास्त होतं, पण माझं दोन वर्षांचं गणित इंजिन मारणारं होतं.

तेव्हा चूक माझीही. झालं समाधान? आता हात जोडतो, गाडीत ऑइल घाल. पंचांकडे किल्ली राहू दे, पण इंजिन कोरडं ठेवू नकोस. लोसाला कळा आल्या आणि तुमच्यातली एखादी घाईत ऑइल घालायला विसरली तर? आणि पेनितोआ त्या वेळी गावात नसले तर? किल्ली त्यांच्या खिशात आहे. तुझ्या या सगळ्या हुशारीत किल्लीचं काय, हे तू लिहिलंच नाहीस.

मला झोप लागत नाही.

आउकुसो


वाइतोलो
२१ मे २०१३

आउकुसो,

आधी महत्त्वाचं. मुलगी झाली. लोसा ठीक आहे, मुलगी ठीक आहे. मुलाला सफरचंदाच्या बागेत निरोप पाठव, माझ्या फोनवरून परदेशी लागत नाही.

आता बाकीचं. मुलगी मांडीवर आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तू किल्लीचं विचारलंस. तुझं पत्र आलं तेव्हा कळलं, तू बरोबर होतास. मी तेवढा विचार केला नव्हता. मी धरून चालले होते की पेनितोआ गावात असतील आणि मागितली की देतील. पण ऑइल मी घातलं नाही. घातलं असतं तर गाडी त्याच आठवड्यात बोटीच्या धक्क्यावर गेली असती.

रविवारी सकाळी चर्चची घंटा झाली आणि लोसा चुलीशी वाकली ती सरळच होईना. दिवस भरायला अजून अवकाश होता. मी पांढरा झगा आणि टोपी घालून तयार होते. तशीच डबे उचलून धावले. सीनाने फनेल धरलं, मी ओतलं. ऑइल झग्यावर सांडलं, टोपीला लागलं, कुणाला पर्वा. दुसऱ्या दोघींनी लोसाला आणून मागच्या बाकावर झोपवलं. पट्टी काढून पाहिली, रेघेपर्यंत होतं. मग मी चर्चकडे वळले.

आत प्रवचन चालू होतं. सगळा गाव पांढऱ्यात बसलेला. पेनितोआ पहिल्या बाकावर. मी मधल्या वाटेने पुढे गेले. पाद्रीबाबा बोलायचे थांबले. मी पेनितोआंसमोर हात पसरला. माझा हात कोपरापर्यंत तेलकट होता.

ते हळू आवाजात म्हणाले, "प्रार्थना संपू दे, बाई."

मी हळू बोलले नाही. मी म्हटलं, "मागच्या वेळी मी प्रार्थना संपायची वाट पाहिली होती. ते बाळ गावच्या दफनभूमीत आहे. किल्ली द्या."

त्यांनी खिशात हात घातला. किल्ली प्रार्थनेच्या पुस्तकाखाली दाबली गेली होती, लवकर निघेना. त्यांची बायको पुढे झाली, तिनेच ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. तिने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. तिचीही दोन बाळं गेलीत.

मी गाडी चालवली. लाव्ह्याचा तो रस्ता आला तेव्हा लोसा ओरडत होती आणि मी तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होते, काय ओरडत होते ते आठवत नाही. गाडी एकदाही कुरकुरली नाही. तुआसिवीच्या दवाखान्यात डॉक्टरीण धावत आली. नाळ मुलीच्या गळ्याभोवती होती. ती म्हणाली, बरं झालं वेळेत आणलंत. मी तिथेच फरशीवर बसले आणि पोटभर रडले.

काल पंचांचा निरोप आला. रविवारी काम केलं, प्रार्थना मोडली, सरपंचांचा अपमान केला. सभा बसणार आहे.

तुझी ताई


मांगेरे
४ जून २०१३

प्रिय ताई,

तुझं पत्र बायकोने मोठ्याने वाचलं. मध्ये थांबली, मग मी वाचलं, मग मीही थांबलो. मुलाला निरोप दिलाय. तो फोनवर नुसता हुंदके देत होता.

मी पंचांना पत्र पाठवलंय. लिहिलंय की गाडी मी माझ्या बहिणीला दिली, गावाला नाही, आणि भावाने बहिणीला दिलेली वस्तू परत मागायचा हक्क मलासुद्धा नाही, मग तुम्हाला कुठून असणार? हे मी मार्चमध्येच लिहायला हवं होतं. ऑइलही पाठवतोय, सहा महिन्यांचं. त्या मागच्या पानाची फोटोकॉपी पेनितोआंना वेगळी पाठवली आहे.

आता एक विनंती. दंड जो काही लागेल, डुकरं असोत की मासळीचे डबे, तो माझा. तू काळजी करू नकोस. तू फक्त सभेत जा आणि एकदा माफी माग. दोन शब्द. रविवार मोडला एवढ्याचीच माफी, किल्लीची नाही. गावात राहायचं आहे तुला. लोसालाही. आता तू जिंकली आहेस, तेव्हा थोडं वाकायला काय हरकत आहे?

आउकुसो


वाइतोलो
२२ जून २०१३

आउकुसो,

ऑइल पोचलं. मुलगा परत आलाय, मुलीला खाली ठेवतच नाही, दूध पाजायलासुद्धा लोसाला तिला मागून घ्यावं लागतं.

तुझं पत्र पंचांनी सभेत वाचलं. पेनितोआंनी दोनदा वाचायला लावलं. मग ते म्हणाले, गाडीचं आम्ही मानतो, गाडी मंडळाची. भावाचा शब्द आहे. पण रविवारचा दंड आहे तो आहे.

दंड मान्य आहे असं मी म्हटलं. एक डुक्कर आणि मासळीची पेटी. तू पाठवू नकोस, मंडळाने गोळा केलं आहे. पेनितोआंच्या बायकोने पहिला वाटा दिला, सगळ्यांच्या देखत.

मग ते म्हणाले, "आता माफी मागा म्हणजे झालं."

तू सांगितलेले दोन शब्द मी घरून पाठ करून आले होते, आउकुसो. खरंच. वाटेत दोनदा म्हणूनही पाहिले. पण सभेच्या घराच्या खांबाशी बसले आणि बाहेर पाहिलं तर मंडळाच्या सगळ्या बायका गवतात बसलेल्या, आणि त्यांच्यात सीना, पुढे आलेल्या पोटावर हात ठेवून. तिचे दिवस ऑगस्टात भरतात. पाठ केलेले शब्द मी तिथेच सोडले.

मी म्हटलं, "माफी कशाची मागू? पुन्हा रविवार आला तर मी पुन्हा तेच करणार आहे. ऑगस्टात पाच नाही तर चार रविवार असतीलच. त्यांचा दंडही आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे आम्ही डुकरं वाढवायला लागतो."

मी उठले आणि घरी आले. आज तपासणीचा दिवस आहे, गाडी धुवायची आहे.

तुझी ताई,
मातालेना